नातवाच्या शिकवणीचे कर्ज

आमच्या समाजाच्या बैठकीत विवाहसमारंभातील डीजे बंद करण्याचा ठराव आजवर दोन वेळा आला आणि दोन्ही वेळा मी हात वर करून त्यास संमती दिली. गेल्या ज्येष्ठ महिन्यात माझा नातू माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "दादाजी, मला डीजेचा कोर्स करायचा आहे. तीन महिन्यांचे ४२ हजार रुपये आहेत." तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

प्रथम शब्दाचा खुलासा करतो, कारण तो मलाही नातवानेच करून दिला. आपल्या गावांत आणि शहरांत डीजे म्हणजे माणूस नव्हे, वस्तू. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली कर्ण्यांची भिंत, छातीत बसणारे दणके आणि खिडकीच्या काचांची थरथर, एवढाच त्या शब्दाचा आपल्याला परिचय. मूळ शब्द ‘डिस्क जॉकी’. तबकड्या वाजवणारा माणूस. एक गाणे संपत आले असता दुसरे गाणे त्याला असे सांधून द्यायचे की नाचणाऱ्याचे पाऊल अडखळू नये आणि सांधा कोठे होता हेही कोणाला कळू नये, ही त्याची कला. आवाज मोठा असणे हा त्या कलेचा भागच नव्हे, असे नातवाचे म्हणणे होते. त्याच्या तोंडून हे ऐकताना मला किंचित हसू आले. त्याचे कारण पुढे येईल.

चिरंजीव १८ वर्षांचा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात. सात महिने तो ही विद्या स्वतःच शिकत होता. आधी मोबाइलवर, मग लॅपटॉपवर फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घेऊन, आणि अखेर दिवाळीच्या व राखीच्या साठवलेल्या पैशांतून एक जुने यंत्र घेऊन. त्याला कंट्रोलर म्हणतात. दोन बाजूंना दोन चकत्या, मधे सरकपट्ट्या आणि बटणांची गर्दी. रात्री कानाला हेडफोन लावून तो त्यावर बसे, त्यामुळे घराला उपद्रव काहीच नव्हता. कधी बोलावून ऐकवी, तेव्हा मला तरी एकही चूक सापडत नसे. मला सापडण्याचा प्रश्नच नव्हता म्हणा.

वैशाखात माझ्या पुतणीच्या मुलीचे लग्न होते. संगीताच्या संध्याकाळी वाजवण्याची संधी घरच्यांनी कौतुकाने त्यालाच दिली. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली, मंडळी लॉनवर जमली, पहिली पाच-सहा गाणी उत्तम झाली. मग गरबा सुरू झाला. बायका-मुली मोठे रिंगण धरून फिरत होत्या, आणि ऐन रंगात आलेल्या फेरीतून त्याने एका चित्रपटगीतात उडी घेतली. रिंगण क्षणात विस्कटले. कोणाचे पाऊल पुढे, कोणाचे मागे, दोघी एकमेकींवर आदळल्या. हसत हसत बायका बाजूला झाल्या आणि मोकळी जागा मोकळीच राहिली. पोरगा घाबरला. घाबरलेला माणूस जे हाताशी असेल ते करतो. याच्या हाताशी आवाजाची पट्टी होती, ती त्याने वर सरकवली. कोणी परत येईना, म्हणून आणखी वर. यंत्रावरचे हिरवे दिवे तांबडे झाले, गाण्याचा फाटका आवाज येऊ लागला. पहिल्या रांगेत बसलेले आमचे ८४ वर्षांचे काका यांनी कानातले श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले. शेवटी कर्णे भाड्याने देणारा माणूस स्वतः येऊन आवाज कमी करून गेला.

मंडपामागे, केटररच्या भांड्यांच्या पलीकडे पोरगा डोळे पुसत उभा होता. मी तेथे पोहोचण्यापूर्वी त्याचे वडील, म्हणजे माझा मुलगा, पोहोचला होता. तो रागावेल अशी माझी अपेक्षा होती. तो शांतपणे म्हणत होता, "अरे, तो गरबा सहाचा होता. दादरा. त्यावरून तू एकदम आठावर गेलास, केहरव्यावर. सहाचे आठ असे होत नाहीत. लोकांचे पाय पडणार कुठे?" बोलता बोलता तो शेजारच्या रिकाम्या पिंपावर बोटांनी दोन्ही ताल वाजवून दाखवत होता.

मी जागच्या जागी थबकलो. माझा मुलगा नळ आणि पाइपांच्या घाऊक मालाचा व्यापारी. त्याच्या तोंडी जीएसटी आणि उधारी याखेरीज तिसरा विषय मी वर्षानुवर्षे ऐकला नव्हता. परतताना गाडीत मी पत्नीला विचारले, "याला हे कुठून कळलं?" तिने खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले, "आठ महिने शिकला होता ना तबला. तुम्ही बंद केलात तोपर्यंत."

ही गोष्ट १९९३ सालची. मुलगा तेव्हा ११ वर्षांचा होता. आमच्या शाखेजवळच एक गुरुजी तबल्याची शिकवणी घेत, महिना ६० रुपये. आठ महिने तो गेला. मग गुरुजींनी निरोप पाठवला की, मुलाचा हात चांगला आहे, आता घरी जोडी घ्या, त्याशिवाय रियाज होणार नाही. माझ्या आईने जोडी घरात आणण्यास हरकत घेतली. तबल्याची पुडी बकऱ्याच्या चामड्याची असते, आणि आमच्या घरात चामड्याचा पट्टासुद्धा देवघराच्या खोलीत जात नसे. आईचे म्हणणे तिच्या श्रद्धेनुसार प्रामाणिक होते. प्रामाणिक नव्हतो तो मी. मला जोडीचे पैसे खर्चायचे नव्हते, शिकवणीचे ६० रुपयेही जड वाटू लागले होते, आणि व्यापाऱ्याच्या घराण्यातल्या मुलाने तबला शिकून करायचे काय, हा मूळ हिशेब होता. आईच्या अहिंसेआड मी माझी काटकसर लपवली. मुलाला मात्र तत्त्व सांगितले: "ज्याला शिकायचे असते तो शिकतोच. मी कोणत्या क्लासला गेलो होतो? पेढीवर बसून शिकलो." त्यानंतर काही महिने तो धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर वाजवीत असे. मग तेही थांबले.

लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी नातवाने कोर्सचा विषय काढला तो आधी वडिलांपाशी. जेवणाच्या टेबलावर मुलाने नकार दिला. "यूट्यूबवर सगळं फुकट आहे. ज्याला शिकायचं असतं तो शिकतोच." वाक्य तेच होते, केवळ पेढीच्या जागी यूट्यूब आले होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही, परंतु तिचा पोळी वाढणारा हात क्षणभर थांबला. अर्ज फेटाळला गेल्यावर अर्जदाराने वरिष्ठ कार्यालयाकडे धाव घ्यावी, त्याप्रमाणे नातू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला.

मी बँकेत ३७ वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. कर्जदाराचा धंदा समजून घेतल्याविना मंजुरीचा शेरा मारायचा नाही, ही सवय अंगी भिनलेली. म्हणून नातवाला म्हटले, "मला पंधरा दिवस दे," आणि या धंद्याची माहिती काढण्यास बसलो.

जी माहिती मिळाली तीत मनोरंजक गोष्टी फार होत्या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेज्विक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एक छोटासा जलसा झाला. हिपहॉप संगीताचा उगम तेथे मानतात. वाजवणारा जमैकाहून आलेल्या कुटुंबातला मुलगा, कूल हर्क. पण जलसा भरवला त्याच्या बहिणीने, आणि तो कलेसाठी नव्हे. शाळा उघडण्यापूर्वी तिला नवे कपडे घ्यायचे होते. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. आपल्या वाचकांपैकी कोणाही भगिनीने असाच दर ठेवला असता! कूल हर्कच्या लक्षात आले होते की, गाण्यातला केवळ ताल वाजतो तो तुकडा आला की लोक जास्त नाचतात. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तोच तुकडा लांबवत नेई. त्याला हे शिकवणारे कोणी नव्हते, कारण ते अद्याप कोणालाच ठाऊक नव्हते.

माझ्या मुलाच्या बाजूने हा पुरावा भक्कम होता. परंतु पुढचे नाव आले ग्रँडमास्टर फ्लॅश यांचे. याच ब्राँक्समध्ये त्यांनी तबकडीवर मेणखडूची खूण करून हवा तो तुकडा अचूक पकडण्याची पद्धत बसवली, आणि तबकडी बोटाखाली हलकी फिरावी म्हणून तिच्याखाली फेल्टची चकती घातली. हेही सारे स्वतःच्या डोक्याने. तथापि हे गृहस्थ व्यवसायशिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले होते. आपल्या यंत्राच्या पोटात वीज कोठून कोठे जाते हे त्यांना कोणीतरी फळ्यावर शिकवले होते. स्वयंशिक्षित म्हणून ज्याचे नाव घेतो, त्याच्या खात्याचे मागचे पान उलटले की तेथे एखादा गुरुजी जमेस दिसतोच, असे मला वाटू लागले. माझ्याही खात्यात तसेच होते, ते पुढे सांगतो. आणि जे मुळात कोणी शिकवलेले नव्हते, त्याची २००२ साली न्यूयॉर्कमध्ये रीतसर शाळा निघाली. ती काढणाऱ्यांत जॅम मास्टर जे हे स्वतः नामवंत डीजे होते. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातही पुढे हा विषय शिकवला जाऊ लागला. म्हणजे ३० वर्षांत गल्लीतली विद्या वर्गात आली.

कागदपत्रे झाली, आता प्रत्यक्ष पाहणी. नातवाला घेऊन मी त्या वर्गात गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतींना जाड स्पंज. शिकवणारा तरुण २८-२९ वर्षांचा. मला "काका, बसा" म्हणून त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, आणि नातवाला यंत्रासमोर उभे केले. दहा मिनिटे काही न बोलता ऐकले. मग त्याने खुंटीवरचा टॉवेल काढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला. "आता वाजव."

नातवाचे हात थांबले. झाले होते असे: आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याची गती, म्हणजे मिनिटाला ठोके किती, हे पडद्यावर लिहून येते आणि दोन गाण्यांची गती जुळवण्याचे बटणच असते. सात महिने पोरगा ते बटण दाबून डोळ्यांनी गाणी जुळवत होता. कानांनी जुळवण्याची वेळच आली नव्हती. गरब्याच्या रात्री गती जुळलेलीच होती. न जुळलेला होता तो ताल, आणि तो पडद्यावर लिहून येत नाही.

त्यानंतर शिक्षकाने जे दाखवले ते माझ्यासारख्या टक्केवारीत हयात घालवलेल्या माणसाला फार आवडले. पूर्वीच्या तबकडीयंत्रावर, विशेषतः टेक्निक्स कंपनीच्या १९७९ साली सुधारलेल्या प्रसिद्ध यंत्रावर, गती कमीजास्त करण्याची एक सरकपट्टी असते, वर ८ टक्के आणि खाली ८ टक्के. एक गाणे १२० ठोक्यांचे, दुसरे १२४ चे. पहिल्याला दुसऱ्याशी जुळवायचे तर पट्टी किती सरकवावी? मी खुर्चीतूनच म्हणालो, "३.३३ टक्के." शिक्षक हसला. "बरोबर, काका. पण हे आकडे लिहिलेले नसतात. एका कानाला हेडफोन, दुसरा कान मोकळा. कोण पुढे पळतंय आणि कोण मागे पडतंय, एवढंच ऐकायचं." तासाभरात नातवाला ते एकदाच जमले. तेही बहुधा चुकून.

जाता जाता शिक्षकाने दोन गोष्टी सांगितल्या. लोक नाचायचे थांबले तर आवाज वाढवायचा नाही, गाणे बदलायचे. तांबडा दिवा ही कधीही वापरायची जागा नव्हे. आणि दुसरी, आपण वाजवलेले ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, मात्र त्याच दिवशी ऐकायचे नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचे. मी विचारले, "तुम्ही कुठे शिकलात?" तो म्हणाला, "चार वर्षं एकट्याने, मग एका सरांकडे. चार वर्षांत जे कळलं त्यातलं अर्धं कोणीतरी तीन महिन्यांत सांगितलं असतं. उरलेलं अर्धं कोणालाच सांगता येत नाही." एखाद्या कर्जदाराने आपल्या धंद्याची इतकी सरळ माहिती दिल्याचे मला फारसे आठवत नाही.

घरी परतताना मला पेढीची आठवण येत होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मोठ्या काकांची आडत होती. शाळेत असल्यापासून मी सुट्टीत तेथे गादीवर बसे. मुनीमजी रोजमेळ लिहीत, खतावणी करीत, कटमितीचे व्याज तोंडी काढीत. ते शिकवीत नसत. त्यांच्या शेजारी बसायचे, पाहायचे, आणि एके दिवशी टाक हातात यायचा. हात बसला, वेग आला. डाव्या अंगाला जमा आणि उजव्या अंगाला नावे, हे डोळे मिटून लिहावे इतके. मग कॉलेजात गेलो आणि इंग्रजी पद्धतीत नावे डावीकडे, जमा उजवीकडे पाहून चक्रावलो. सर्व वर्गात पेढीवर वाढलेला मी एकटाच, आणि पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मला. नोंद का करायची, कोणत्या तत्त्वाने करायची, हे मला कोणी विचारलेच नव्हते. ते कॉलेजच्या सरांनी शिकवले. तेव्हा मुलाला १९९३ साली मी जे सांगितले, की पेढीवर बसून शिकलो, ते अर्धसत्य होते. एम.कॉम.चे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असताना मी ते सांगत होतो.

पेढीवरच्या दिवसांत मेळ जमला नाही की फरकाची रक्कम मी गुपचूप उचंत खाती टाकून देत असे. मुनीमजींच्या ते महिनाअखेरीस लक्षात येई आणि उचंतातली रक्कम शोधेपर्यंत ते मला गादीवरून उठू देत नसत. एकट्याने शिकणाऱ्याचे असेच एक उचंत खाते असते. अडले ते त्यात जाते. विचारणारे कोणी नसल्यामुळे ते वाढत राहते, आणि एखाद्या लग्नाच्या रात्री एकदम वसुलीस येते. बरे, त्याची तेरीजही जुळत असते. वाणिज्याचा कोणताही विद्यार्थी सांगेल की, तेरीज जुळली याचा अर्थ वह्या बरोबर आहेत असा नव्हे. वगळलेली नोंद, तत्त्वाची चूक, एकमेकींना भरून काढणाऱ्या दोन चुका यांपैकी काहीही तेरजेत दिसत नाही. बँकेत यासाठीच नियम असतो की, नोंद करणाऱ्याने तीच नोंद तपासायची नाही. शाखाधिकारी कितीही हुशार असो, आपल्या शाखेची तपासणी त्याला करता येत नाही. नातवाला यूट्यूबवर धडे मिळत होते, ते चांगलेही होते. पण तो व्हिडिओ त्याचे ऐकत नव्हता. ४२ हजार द्यायचे ते सांगणाऱ्या तोंडासाठी नाही, ऐकणाऱ्या कानासाठी, असा माझा निष्कर्ष झाला.

हे मी पत्नीला सांगितले. ती रोज स्थानकात स्वाध्यायास जाते. म्हणाली, "यात नवीन काय? स्वाध्यायाचे पाच प्रकार कोणते? वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. वाचना म्हणजे गुरूंकडून पाठ घेणं. पृच्छना म्हणजे शंका विचारणं. घोकणं आणि चिंतन त्याच्या नंतर." शब्द स्वाध्याय, आणि सुरुवात दुसऱ्याकडून! लहानपणी पाठशाळेत हे पाच शब्द मी शंभरदा म्हटले असतील. त्यांच्या क्रमाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. मी वाद घालण्यासाठी म्हटले, "पण तीर्थंकर स्वयंबुद्धच असतात." ती म्हणाली, "तुमचा नातू आहे का?"

तरीही दुसरी बाजू मी विसरलो नव्हतो. केवळ वर्गात शिकलेले लोकही मी पाहिले आहेत. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झालेले माझे काही सहकारी कर्जदाराच्या दुकानात उभे राहिले तरी माल नवा की वर्षभर पडून राहिलेला, हे ओळखू शकत नसत. ते पेढीवर बसलेल्याला वासाने कळते. शिवाय आजकाल शिकवणीचा धंदा कसा चालतो तेही ठाऊक आहे: चकचकीत कागद, हमखास कामाचे आश्वासन, आणि यंत्रे आमच्याकडूनच घ्या असा आग्रह. या वर्गात तसे दिसले नाही, एवढेच. आणि सात महिने वायाही गेले नव्हते. त्याच शिक्षकाने म्हटले की, गाण्यांचा साठा आणि कोणत्या गाण्यानंतर कोणते याची समज या मुलाला आधीच आहे. ती नसलेले मुलगे पैसे भरून येतात, त्यांचे फार अवघड जाते. बँकेच्या भाषेत त्यास मार्जिन म्हणतात. प्रकल्पाची पूर्ण रक्कम बँक कधी देत नाही, कर्जदाराचा स्वतःचा हिस्सा आधी पडावा लागतो. नातवाचा हिस्सा पडलेला होता.

मंजुरी पुढील अटींवर दिली. तीन चतुर्थांश फी माझी, उरलेली त्याने स्वतः उभी करायची. रोजचा एक तास एकट्याने, पडदा झाकून, वहीत नोंद करून. बी.कॉम.ची परीक्षा चुकवायची नाही. पर्युषणाचे आठ दिवस यंत्र बंद. आणि एक अट माझ्या ठरावांना स्मरून: आवाजाची मर्यादा शिकून यायची आणि मला शिकवायची.

ही शेवटची अट त्याने सर्वांत आधी पूर्ण केली. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत जी मर्यादा सुचवलेली आहे, तिच्यात ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. चक्रवाढ व्याजाची आम्हाला भीती असते, तशी कानाला या तीनाची असावी. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. नातवाने आमच्या ८४ वर्षांच्या काकांना फोन करून लग्नातल्या प्रसंगाबद्दल क्षमा मागितली. ते म्हणाले, "मी तर यंत्र काढून ठेवलं होतं, मला काहीच ऐकू आलं नाही." समाजाच्या बैठकीत ठराव तिसऱ्यांदा आला तर मी हात वरच करीन, मात्र ठरावात ‘डीजे’ या शब्दाच्या जागी डेसिबलचा आकडा घालावा अशी दुरुस्ती सुचवीन. ट्रॉलीवरच्या त्या भिंतीशी माझे वैर कायम आहे.

मुलाला मी मंजुरीचे सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "पैसे तुमचे, पप्पा. मी काय बोलणार?" त्यात रागही नव्हता. मला रागच बरा वाटला असता.

वर्ग आषाढात सुरू झाला आणि मधे पर्युषण आले. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपून घरी आल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे एकमेकांना खमतखामणा करीत होतो. वर्षभरात जाणता-अजाणता, मनाने, वचनाने, कायेने, हे सर्व आपण म्हणतो. गेली काही वर्षे तर मोबाइलवर एक चित्र दोनशे जणांना पाठवून मोकळे होतो. मुलगा वाकला तेव्हा मी त्याचा हात धरून म्हटले, "तबल्याबद्दल मिच्छामि दुक्कडं. चामड्याचं कारण खरं नव्हतं. पैशाचं होतं."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "मला ठाऊक होतं, पप्पा. दादीला मी तेव्हाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, गुरुजींच्या घरी जाऊन वाजव, माझी काय हरकत?" मग तो आईच्या पाया पडण्यास पुढे गेला.

३२ वर्षे मला वाटत होते की ही गोष्ट मला एकट्यालाच माहीत आहे.

नातवाचा वर्ग संपून आता दोन महिने झाले. पुढच्या लग्नसराईत त्याला एक छोटे काम मिळाले आहे, तेही त्याच्या शिक्षकासोबत मदतनीस म्हणून. फीच्या त्याच्या हिश्श्यातले ४ हजार रुपये अद्याप येणे आहेत. ती थकबाकी मी वहीत दाखवली आहे. गेल्या रविवारी सकाळी मी सामायिक घेऊन बसलो होतो. शेजारच्या खोलीतून आधी यंत्राचा बारीक आवाज येत होता. मग तो थांबला आणि कोणीतरी टेबलाच्या लाकडावर बोटांनी दादरा धरला. सहा मात्रा, पुन्हा सहा, पुन्हा सहा. मधेच नातवाचा आवाज, "थांबा पप्पा, आता मी केहरवा आणतो, तुम्ही सोडू नका." एकदा चुकले. दुसऱ्यांदाही चुकले. सामायिकाची ४८ मिनिटे माळ माझ्या हातात होती, मणी किती सरकले ते सांगता येणार नाही. कान तिकडेच होते.